बिनशाळेची पोर आणि चौदा नंबरची बस

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. वेळ या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालायचा नाही! सतरा वर्षं मी बस डेपोच्या वेळापत्रक विभागात काम करतोय. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी येणार, हे मी ठरवतो. माझ्या टेबलावर शहराचा नकाशा आहे, दोन पट्ट्या आहेत, चार रंगांची पेनं आहेत आणि एक खोडरबर आहे. तो मी गेल्या सहा वर्षांत वापरलेला नाही. यावरून काय ते समजा.

मी स्वतः कामावर स्कूटरनं जातो. पण तो मुद्दा वेगळा.

तर अशा या माणसानं, म्हणजे मी, एका रविवारी घरात जाहीर केलं, "उद्यापासून आपली मुलगी शाळेत जाणार नाही!"

यामागचं कारण सांगतो. आमची मुलगी दहा वर्षांची. शाळेत तिला गोगलगाय म्हणायचे, त्यावरून घरातही तिचं नाव गोगी पडलं. साडेसातची शाळा, आणि ही रोज पावणेआठला वर्गाच्या दारात उभी! डायरीत इतके लाल शेरे, की लांबून पाहिलं तर डायरीला गोवर आल्यासारखं वाटावं.

"उशीर का होतो गं?" मी विचारायचो.

"बस उशिरा येते, बाबा."

"चौदा नंबर? शक्यच नाही! सात वाजून पाच मिनिटांनी येते. मी स्वतः लिहिलंय."

"नाही येत, बाबा."

"तूच रेंगाळत असशील! चपला घालायला तुला पंधरा मिनिटं लागतात."

हळूहळू तिनं सांगणं सोडलं. मग विचारणंही सोडलं. एकेकाळी दिवसाला शंभर प्रश्न विचारून माझं डोकं खाणारी पोर, ती सकाळी पोटात दुखतंय म्हणून पांघरूण डोक्यावर ओढून पडायला लागली. ते मला बघवत नव्हतं. हे अगदी मनापासून सांगतोय, यात विनोद काही नाही.

अशात माझ्या हाती एक पुस्तक पडलं. विषय अनस्कूलिंग. म्हणजे शाळा नाही, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, घरी शिकवणंसुद्धा नाही! मूल आपल्या कुतूहलानं, आपल्या मनानं शिकतं आणि आईबापांनी फक्त बाजूला व्हायचं. पहिला नियम ठळक अक्षरात होता : मूल काय करतंय ते विचारू नका. विचारलं की कुतूहल मेलंच! मी पुस्तक एका बैठकीत संपवलं. बाजूला होणं मला जमणार याची मला खात्री होती. काहीही न करायचं असतं तेव्हा मी कधी मागे हटलेलो नाही.

माझी बायको दातांची डॉक्टर आहे. दिवसभर ती अशा लोकांशी बोलते, ज्यांना उत्तर देता येत नाही. त्यामुळे घरीही तिला उत्तराची फारशी अपेक्षा नसते.

"अहो, जमेल तुम्हाला?" ती म्हणाली. "तुम्ही परवा माझ्या वाढदिवसाचंही वेळापत्रक केलं होतंत. 'आनंद, सहा वीस ते सहा पस्तीस.' मला आवडलं तर सात वाजेपर्यंत आनंदी राहता आलं नसतं का?"

"तो भूतकाळ झाला!"

सासूबाई आमच्याकडेच राहतात. एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून त्या खोलीत आल्या की मी खुर्चीतून अर्धा उठतो.

"जावईबापू," त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे तुमचं अन-काहीतरी किती दिवस चालणार?"

"आई, हा जीवनमार्ग आहे."

"असं का. बरं."

त्यांचं 'बरं' मी ओळखतो. एकतीस वर्षं त्या 'बरं'नंतर मुलं वर्गाबाहेर जाऊन उभी राहायची.

शिक्षण कार्यालयात अर्ज केला. तिथं तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळाली. तीन महिन्यांनी पाहणी अधिकारी घरी येणार, मुलगी काय शिकली ते बघणार, समाधान झालं तर परवानगी कायम. नाही झालं तर गोगी परत त्याच शाळेत, त्याच वर्गात, त्याच शेऱ्यांच्या डायरीत! अर्जावर मी अढळ आत्मविश्वासानं सही केली.

पहिल्या आठवड्यात गोगी झोपली. दुसऱ्या आठवड्यात तिनं छताकडे पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात कूस बदलून भिंतीकडे पाहिलं.

पुस्तकात लिहिलं होतं, 'धीर धरा. मूल शाळेतून सावरतंय.' धरला धीर! पण चौथ्या आठवड्यात मला भिंतीचा मत्सर वाटायला लागला. मग मी घरात सहज वस्तू पेरायला सुरुवात केली. सहज म्हणजे दारात पृथ्वीचा गोल ठेवला, न्हाणीघरात भिंग, उशीखाली होकायंत्र. पृथ्वीच्या गोलाला अडखळून सासूबाई पडता पडता वाचल्या.

"जावईबापू, हा काय प्रकार?"

"सहज ठेवलाय, आई."

"सहज मीही तो खिडकीतून बाहेर ठेवू शकते."

होकायंत्र गोगीनं उशीखालून काढलं, माझ्या हातात आणून दिलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचं हरवलं होतं ना? सापडलं."

शेवटी माझा धीर सुटला. कार्यालयात बसून, साहेबांची नजर चुकवून, मी गुपचूप एक फाइल तयार केली. चार रंगांत. 'अनिर्बंध कुतूहल : दहा दहा ते दहा पन्नास. उत्स्फूर्त खेळ : अकरा ते अकरा वीस. स्वतःहून पुस्तक उचलणे : अकरा पंचवीस.' फार देखणं काम झालं होतं! पण गोगीच्या हाती ती फाइल लागलीच. तिनं नीट वाचली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला एक प्रश्न विचारला.

"बाबा, कुतूहल दहा दहाला सुरू होणार. मग त्याआधी वाटलं तर?"

"तर थोडं थांबायचं," मी म्हणालो.

बायकोनं आतून जोरात श्वास सोडलेला मला ऐकू आला. फाइल मी परत पिशवीत घातली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी गोगी भल्या सकाळी नाश्ता करून, टोपी घालून, एक वही घेऊन घराबाहेर पडली. दुपारी जेवायला आली. जेवून परत गेली. संध्याकाळी आली ती उन्हानं लाल होऊन, पण चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. शिवाय सासूबाईही छत्री घेऊन तिच्यामागे जायला लागल्या!

"कुठं जातात या दोघी?" मी बायकोला विचारलं.

"तिलाच विचारा ना."

"विचारता येत नाही! पहिला नियम!"

"मग नका विचारू," बायको म्हणाली आणि दात घासायला गेली. दिवसातून तीन वेळा घासते.

जीव कासावीस झाला, पण मी विचारलं नाही. तुम्ही माझ्या जागी राहून बघा! पोर रोज आठ तास कुठेतरी जाते, आजीला घेऊन जाते, वही भरते आणि बापानं तोंडाला कुलूप लावून बसायचं. एकदा वही टेबलावर होती. मी नुसतं बोट लावलं, तर सासूबाईंनी मागून घसा खाकरला. मी टेबल पुसत असल्यासारखं केलं.

आता इथं कार्यालयातली भानगड सांगायला हवी.

एका सोमवारी साहेब, म्हणजे आमचे डेपो मॅनेजर, माझ्या टेबलाशी आले. साहेब देहानं विस्तीर्ण आहेत आणि सहसा आपल्या खोलीतून हलत नाहीत. त्यांच्या हातात पत्रं होती.

"अकरा पत्रं!" साहेब म्हणाले. "प्रवाशांची! चौदा नंबरचं नवं वेळापत्रक अतिशय अचूक आहे म्हणून आभार मानलेत. माझ्या नोकरीत प्रवाशांनी आभार मानलेले मी पाहिले नव्हते. एक बाई तर लिहितात, की बारा वर्षांत प्रथमच बसच्या आधी थांब्यावर पोचले. शाब्बास हो!"

मी नवं वेळापत्रक केलेलं नव्हतं. पण साहेब पाठीवर थाप मारत असताना बारीकसारीक तपशिलात शिरणं बरं दिसलं नसतं. मी विनयानं मान खाली घातली आणि म्हणालो, "कर्तव्यच आहे, साहेब."

ही माझी चूक क्रमांक एक. की दोन? आता मोजदाद राहिलेली नाही.

बुधवारी साहेबांनी एका माणसाला थांब्यावर पाठवून ते नवं वेळापत्रक उतरवून आणायला सांगितलं, वरिष्ठांना दाखवायला. त्यानं कागद आणला. साहेबांनी तो वाचला. मग मला बोलावलं.

"हे काय आहे?"

मी पाहिलं आणि पायांखालची जमीन सरकली. सुरेख आखलेला तक्ता. एका रकान्याचं शीर्षक 'कागदावर', त्याखाली माझ्या वेळा. शेजारच्या रकान्याचं शीर्षक 'खरोखर'. सात पाचच्या पुढे सात बावीस. दहा पाचच्या पुढे दहा बावीस. चार चाळीसच्या पुढे लिहिलं होतं, 'येत नाही. पाच दहाला दोन येतात.'

"हे तुम्ही केलंत?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब! हे तर... हे बनावट आहे! ही माझी बदनामी आहे!"

"मग परवा कर्तव्य कोणतं म्हणाला होतात?"

साहेब लालबुंद झाले होते. वरिष्ठांना त्यांनी फोन करून या नव्या वेळापत्रकाबद्दल आधीच सांगून टाकलं होतं. "हा माणूस मला पकडून हवा! तुम्ही पकडायचा!"

"पकडतोच, साहेब!" मी गरजलो. "आठ दिवसांत तुमच्यासमोर उभा करतो!"

त्या संध्याकाळी मी स्वतः चौदा नंबरच्या थांब्यावर गेलो. थांबा आमच्या राहत्या इमारतीच्या मागच्या रस्त्यालाच आहे, पण मी पुढच्या फाटकातून स्कूटर काढतो, त्यामुळे सतरा वर्षांत तिकडे जायची वेळ आली नव्हती. तिथं मी डेपोच्या शिक्क्याची सूचना चिकटवली : 'हे वेळापत्रक बनावट आहे. प्रवाशांनी अधिकृत वेळांवरच विश्वास ठेवावा.' दुसऱ्या दिवशी बघतो तर खाली कुणीतरी प्रवाशानं पेन्सिलीनं लिहिलेलं : 'सूचना लावणारे गृहस्थ स्कूटरवरून आले होते.'

जेवताना मी घरात माझा तपास मांडला.

"गुन्हेगार म्हातारा आहे," मी म्हणालो. "अक्षरावरून सांगतो. असं गोल, ठाशीव, खडूस अक्षर आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाचंच असतं. रिकामटेकडा असणार. घरात कोणी विचारत नसणार!"

"पकडलं तर काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"सोडणार नाही! पोलिसात देणार!"

"हं," सासूबाई म्हणाल्या. "भाजी वाढू?"

गोगी ताटात बघत होती. तिचे खांदे हलत होते. ठसका लागला असेल असं समजून मी तिला पाणी दिलं.

"आणि हो," सासूबाई म्हणाल्या, "उद्या येताना डिंकाची बाटली आणा. घरातली संपलीय."

"मलाही लागणारच आहे, सूचना लावायला. आणतो."

"मग दोन आणा."

मी दोन आणल्या! तुम्हाला काय सांगू, स्वतःच्या हातानं आणल्या आणि एक त्यांच्या हातात नेऊन दिली.

इकडे पाहणी अधिकारी यायची तारीख जवळ आली होती. गुरुवार, सकाळी साडेदहा. गोगीला काय येतं? काय दाखवणार? ती कशात रमली आहे, ते मला माहीतही नव्हतं. अधिकारीबाईंनी विचारलं तर काय सांगू, की मुलगी टोपी घालून बाहेर जाते? मुलगी परत त्या शाळेत जाणार, परत पोटात दुखणार, आणि या वेळी तिला पांघरुणातून बाहेर ओढायला मीच उभा असणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

मग मी तत्त्व बाजूला ठेवून तिच्यासाठी एक कुतूहल तयार केलं. सूर्यमाला! कागदाच्या लगद्याची. तीन दिवस खपून मी ग्रह वळले, रंगवले, तारेनं टांगले. शनीची कडी लावताना माझी बोटं दोन तास एकमेकांना चिकटून होती.

"गोगी, बाईंनी विचारलं तर सांगायचं, हे तू केलंस."

"पण मी नाही केलं."

"स्वतःच्या मनानं केलंस असं सांगायचं!"

"मग आधी तुम्ही माझ्या मनाला विचारायला हवं होतं," गोगी म्हणाली.

बुधवारी कार्यालयात साहेबांनी मला दुसरा हादरा दिला. त्यांच्या माणसानं शोधून काढलं होतं, की तक्ता दर गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास बदलला जातो.

"उद्या दहाला आपण दोघं तिथं लपून बसू!" साहेब म्हणाले.

"साहेब, उद्या साडेदहाला माझ्या घरी..."

"दहाला पकडू. साडेदहाला तुम्ही मोकळे."

वेळेचं गणित माझ्या सोयीचं होतं. दहा पाचला चौदा नंबर येईल, त्याआधी काम उरकेल, दहा दहाला मी घरी. वेळापत्रक करणाऱ्या माणसाला पंचवीस मिनिटं म्हणजे मोकळं रान!

गुरुवारी सकाळी निघताना मी गोगीला बजावलं, "आज बाहेर जायचं नाही. साडेदहाला घरात, सूर्यमालेजवळ!" ती म्हणाली, "साडेदहाला असेन." मी निश्चिंत झालो.

पावणेदहाला साहेब आणि मी थांब्यासमोर लपलो. मी वर्तमानपत्राच्या टपरीमागे. साहेबांनी विजेचा खांब निवडला. खांब साहेबांच्या मधोमध आला आणि दोन्ही बाजूंना साहेब उरले. येणारेजाणारे थांबून त्यांना विचारत होते, "काही मदत हवी का?"

दहा वाजले. थांब्यावर पाचसहा माणसं जमली. दहा पाच झाले. बस आली नाही.

"बस कुठाय?" साहेबांनी खांबामागून विचारलं.

"येईलच, साहेब. आत्ता..."

दहा दहा. दहा पंधरा. मला घाम फुटला. सतरा वर्षांत मी पहिल्यांदा बसची वाट बघत होतो, आणि वाट बघणं काय असतं ते मला तिथं, त्या टपरीमागे कळलं. पाय दुखायला लागतात आणि माणूस रस्त्याच्या वळणाकडे असं बघतो, जणू ते वळण मुद्दाम करतंय.

दहा अठराला गर्दीतून एक आकृती पुढे झाली. डोक्यावर छत्री, हातात गुंडाळलेला कागद, काखेत डिंकाची बाटली. ती थांब्याच्या वेळापत्रकाच्या फळीपाशी गेली, जुना कागद सोलला आणि नवा चिकटवू लागली.

"हाच तो!" साहेब ओरडले.

मी टपरीमागून झेप घेतली. छत्री धरली. "सापडलास! आता बघतोच तुझ्या..."

छत्री वर झाली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "कोपरा सुरकुतला बघा तुमच्यामुळे."

आणि त्यांच्यामागे, टोपी घालून, उघडी वही छातीशी धरून गोगी उभी होती.

साहेब धापा टाकत पोचले. "कोण या बाई? आणि ही मुलगी कोणाची?"

खरं सांगतो, एक क्षण, अगदी अर्धा क्षण, माझ्या मनात आलं की म्हणावं, माहीत नाही. नोकरी होती, मान होता, खोडरबर न वापरण्याची सहा वर्षांची परंपरा होती! पण गोगी माझ्याकडे बघत होती. वर्गाच्या दारात उशिरा पोचल्यावर ती अशीच बघत असणार, असं मला एकदम वाटलं.

"माझी," मी म्हणालो. "मुलगी माझी, सासूबाईही माझ्या. आणि डिंकही मीच आणलेला, साहेब."

तेवढ्यात बस आली. मी घड्याळ पाहिलं. दहा बावीस. गोगीनं वहीत पेन्सिलीनं खूण केली आणि स्वतःशीच म्हणाली, "बरोबर."

बसमधून एक बाई उतरल्या. हातात पिशवी, गळ्यात ओळखपत्र. त्या सरळ फळीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, नवा लागला का? आमच्या थांब्यावर लोकांनी याचीच नक्कल लावलीय. याच्या जिवावर तर मी आज वेळेत पोचले. कोण करतं हे?"

"ही," सासूबाई म्हणाल्या.

"आणि आपण?" साहेबांनी त्या बाईंना विचारलं.

"मी शिक्षण कार्यालयातून. इथं मागच्या इमारतीत एका शाळामुक्त मुलीची पाहणी आहे, साडेदहाला."

"साडेदहाला मी घरी येणारच होते," गोगी म्हणाली. "इथून चार मिनिटं लागतात. आजी असेल तर सहा."

अधिकारीबाई तिथंच थांब्याच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी वही मागितली. एकेचाळीस दिवस. प्रत्येक बस. शेवटच्या रकान्यात कारण : 'चढावर गाडी दमते.' 'ड्रायव्हरकाका नाक्यावर पाणी पितात, उन्हात दोनदा.' 'एक आजी पायरी चढतात, एक मिनिट चाळीस सेकंद, कोणी हात दिला तर पन्नास.' पुढे सरासरी काढलेली, खोडून परत काढलेली. शेवटी आलेख.

"सरासरी कोणी शिकवली?"

"आईला विचारली, दवाखान्यात. ती एकाचे दात काढत होती, तिनं दातांवरून सांगितली."

म्हणजे बायकोलाही माहीत होतं! सगळ्या घराला माहीत होतं!

"आणि तुम्ही?" बाईंनी सासूबाईंना विचारलं.

"मी काही शिकवलं नाही," सासूबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं. "रेघा तेवढ्या सरळ मारून दिल्या. वाकड्या मला बघवत नाहीत. आणि फळीवर लावायचं ते अक्षर मोठं हवं, म्हणून मी लिहिलं."

"बाबांनी काय मदत केली?"

"बाबांना माहीत नव्हतं. त्यांना विचारायची परवानगी नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गडबडीत माझी पिशवी उलटी झाली होती आणि चाररंगी फाइल रस्त्यावर उघडी पडली होती. साहेबांनी ती उचलली आणि मोठ्यानं वाचली, "'अनिर्बंध कुतूहल, दहा दहा ते दहा पन्नास.' हे डेपोच्या कागदावर आहे?"

मी साहेबांच्या बुटांकडे पाहत राहिलो.

"पण तुला हेच का करावंसं वाटलं?" बाईंनी गोगीला विचारलं.

गोगीनं टोपी नीट केली. "मी शाळेत सांगायचे, बस उशिरा येते. मॅडम म्हणायच्या, तुझेच बाबा वेळापत्रक करतात ना, मग बस कशी उशिरा येईल? बाबा पण तेच म्हणायचे. सगळे एकाच बाजूला. म्हणून मला बघायचं होतं, मी खरंच गोगलगाय आहे का."

"मग?"

"नाही. मी रोज सात वाजता थांब्यावर असायचे. बस सतरा मिनिटं गोगलगाय आहे."

मी बाकावर गोगीच्या शेजारी बसलो. दोन वर्षं ही पोर रोज सकाळी याच फळीखाली उभी राहून सतरा मिनिटं वळणाकडे बघत होती, आणि शेरा तिला मिळत होता. माझ्या सहीचा कागद तिच्या डोक्यावर चिकटलेला! "चुकलं माझं, गोगी," मी म्हणालो. एवढंच म्हणता आलं.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही स्कूटरनं जाता ना."

परवानगी जागच्या जागी मिळाली. बाईंनी बाकावरच सही केली. मग म्हणाल्या, "घरी काही दाखवायचं होतं का?"

"सूर्यमाला आहे," सासूबाई म्हणाल्या, "पण ती वर्गातल्या सगळ्यात मोठ्या विद्यार्थ्याची आहे."

साहेबांनी पोलिसांना बोलावलं नाही. वही मात्र उतरवून घेतली, आणि आता चौदा नंबरचं वेळापत्रक गोगीच्या आकड्यांवर बेतायचं ठरलं आहे. वरिष्ठांच्या मंजुरीला दोन महिने लागतील. माझ्याबाबतचा निर्णय मात्र दोन दिवसांत आला. मला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षण वर्गाला पाठवण्यात आलं. बाक, फळा, हजेरी, डायरी, गृहपाठ, शेवटी लेखी परीक्षा! वर्ग सकाळी साडेसातला, गोगीच्या जुन्या शाळेच्या पुढच्याच थांब्याला. शिवाय साहेबांची खास अट : स्कूटर बंद. जायचं ते चौदा नंबरनं.

आदल्या दिवशी गोगी म्हणाली, "बाबा, सहा चाळीसची घ्या. ती वेळेवर असते."

पण माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही? अधिकृत वेळापत्रक अजून माझंच होतं. मी सात पाचचीच धरायची ठरवली. सात वाजता जाऊन थांब्यावर उभा राहिलो, ताठ. सात पाच झाले. सात दहा झाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पहिल्याच दिवशी माझ्या डायरीत लाल शेरा आला. घरी येऊन मी डायरी उशीखाली लपवत होतो, तर गोगीनं बघितलीच. तिनं शेरा वाचला, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सांगितलं नाहीत का, बस उशिरा आली म्हणून?"

"सांगितलं ना!"

"मग?"

"ते म्हणाले, वेळापत्रक तुम्हीच करता ना?"

गोगीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढं काही विचारलं नाही. न विचारणं हा आमच्या घरातला पहिला नियम आहे.